भाड्याने द्यायच्या फ्लॅटला स्वतःच रंग द्यावा का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

द्राक्षवेल

पाथर्डी फाट्याला आमचा वन बीएचके आहे, दुसऱ्या मजल्यावर. इमारत २००५ ची. अंबडच्या कंपनीत काम करणारं एक कुटुंब बरीच वर्षं भाड्याने होतं, दिवाळीनंतर ते स्वतःच्या घरात गेले. माणसं चांगली होती, घर नीट वापरलं, पण रंगाचं वय झालंच होतं.

हॉल आणि बेडरूमला डिस्टेंपर (साधा, स्वस्त रंग) आहे, हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तेलकट थर. देव्हारा होता त्या कोपऱ्यात काजळी. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली पोपडे सुटलेत. शिवाय खिळ्यांची भोकं आणि लहान मुलांनी पेनने काढलेल्या रेघा.

दोन ठेकेदारांना जागा दाखवली. मालासकट एकाने २८ हजार सांगितले, दुसऱ्याने २४ हजार. कार्पेट एरिया ४२० चौरस फूट आणि भाडं येतं ९ हजार. जवळजवळ तीन महिन्यांचं भाडं रंगातच जाणार. घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स चालूच आहे. म्हणून मी आणि नवरा मिळून स्वतःच करायचं म्हणतोय. दोघंही नोकरी करतो, शनिवार-रविवार मोकळे असतो. घरचं एखादं दार रंगवण्यापलीकडे अनुभव नाही.

कुणी भाड्याचं घर असं स्वतः रंगवलंय का? माल किती लागेल, कुठला रंग घ्यावा, आणि त्या पोपड्यांचं काय करायचं? सविस्तर सांगितलंत तर फार मदत होईल.

नाशिकरोडकर

सगळ्यात आधी एक हिशोब मांडा. ९ हजार भाडं म्हणजे दिवसाला ३०० रुपये. फ्लॅट रिकामा राहिलेला प्रत्येक दिवस हाही रंगकामाचाच खर्च आहे, आणि तो कुठल्याही बिलावर दिसत नाही.

२४ हजारांतून माल वजा केला तर मजुरीचे १४ हजारांच्या आसपास वाचतील असं धरू. ठेकेदाराची दोन-तीन माणसं हे काम आठवड्यात उरकतात. तुम्ही फक्त शनिवार-रविवारी केलंत तर महिना सहज जाईल. म्हणजे वाचलेल्या १४ हजारांपैकी सहा-सात हजार तिथेच गेले. त्यामुळे करायचंच असेल तर सलग सुट्टी टाकून करा. आणि भाडेकरू शोधणं रंग पूर्ण होईपर्यंत थांबवू नका. प्रायमर (रंगाआधीचा थर) लागलेलं घरसुद्धा स्वच्छ दिसतं, ते दाखवता येतं.

सिडकोचा रंगारी

ताई, मी धंद्याने रंगारी. आता उंचावरची कामं सोडली, मुलगा बघतो. तुम्ही स्वतः करताय तर जरूर करा. रंग मारणं हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मेहनत भिंत तयार करण्यात असते आणि घरची माणसं नेमकी तिथे घाई करतात. म्हणून तेवढंच नीट सांगतो.

भिंत हाताला भुकटी देते म्हणजे त्या डिस्टेंपरचा जीव गेलाय. त्यावर तसंच इमल्शन (पुसता येणारा, पाण्यात कालवायचा रंग) मारलं तर ते भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे निघतात. खरवडायचा पत्रा घ्या आणि सुटेल तेवढं खरवडून काढा. जे घट्ट बसलंय ते उगाच उकरू नका. मग ओल्या स्पंजने भिंत पुसा, बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदला. पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा तळहात फिरवून पाहा. हात स्वच्छ राहिला पाहिजे. ही पायरी झाल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नका.

भोकं-खड्डे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, दोन प्रकारची मिळते. व्हाइट सिमेंटची पुट्टी ही कोऱ्या प्लास्टरवर धरते. जुन्या रंगावर ओढली तर काही महिन्यांत खपली निघते. तुमच्या घरात खिळ्यांची भोकं आणि थोडेफार खड्डेच भरायचेत, त्यासाठी तयार अॅक्रिलिक पुट्टी घ्या, ती प्रायमरच्या वर लावायची. जिथे प्लास्टर उघडं पडलंय तिथे सिमेंटची पुट्टी चालेल. पण ती पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, म्हणून थोडी थोडी कालवा. खोल भोक एकदम भरू नका. अर्धं भरा, वाळू द्या, मग वरचं. नाहीतर वाळल्यावर तिथे वाटीसारखा खळगा पडतो. घासायला आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी ३२०. लांबी घासलेली भिंत डोळ्यांना सरळ वाटली तरी रात्री बल्ब भिंतीच्या कडेला धरून बघा, सगळे उंचवटे दिसतात.

स्वयंपाकघरातली भिंत धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, हातमोजे घालून. मग साध्या पाण्याने दोनदा. तेल राहिलं तर तिथे रंग फाटतो, धरत नाही. देव्हाऱ्याची काजळी वेगळीच. पाण्यात कालवायच्या रंगाचे चार हात (थर) दिले तरी ती पिवळी होऊन वर येते. पेनच्या रेघांचंही तेच. तेवढ्या तुकड्याला टर्पेंटाइनमध्ये पातळ होणाऱ्या ऑइल प्रायमरचा एक हात द्या, वाळला की वर इमल्शन मारा.

आणि पोपड्यांना सगळ्यात शेवटी हात लावा. आधी ओल कुठून येते ते शोधा. ओल जिवंत असेल तर त्या भिंतीवर कुठलाच रंग टिकत नाही, माझाही नाही.

ओलभिंत

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. रंगारी काकांच्या शेवटच्या वाक्यावरूनच पुढे लिहितो.

पश्चिमेची भिंत, खिडकीच्या खाली, दुसरा मजला. या तीन गोष्टी वाचल्यावर पहिला संशय खिडकीवर जातो. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून असतो. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली सांध उघडी पडते, किंवा बाहेरच्या दगडी पट्टीला उतार नसतो, पाणी आतल्या बाजूला वळतं. आतून कितीही महागडा ओलरोधक रंग लावा, पाणी बाहेरून येत असताना तो भिंतीवरून ढकलला जाणारच.

तपासायचं असं. पोपडे खरवडून काढा. एक फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि चोवीस तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर भिंतीत अजून ओल आहे. कोरडं राहिलं तर पावसाळ्यातली ओल सुकलीय आणि तुम्ही पुढे जाऊ शकता. असंच प्लास्टिक दुसऱ्या एखाद्या चांगल्या भिंतीवरही लावा म्हणजे तुलना करता येते.

सध्या पाऊस संपलाय, हवा कोरडी आहे, हीच वेळ योग्य. खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्या. पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर मीठ विरघळून पुन्हा भिंतीत शिरतं. बाहेरची सांध सीलंटने बंद करायला मात्र दोरीवर काम करणारा माणूस बोलवा. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर वाकून हे काम कृपया करू नका. बाहेरची भिंत सोसायटीच्या अखत्यारीत असेल तर आधी कमिटीला लेखी कळवा. कित्येकदा खर्चही त्यांच्याकडून होतो.

ओल खिडकीखाली नसून वरच्या कोपऱ्यात किंवा छताला असती तर मी वरच्या मजल्याच्या बाथरूमकडे बघायला सांगितलं असतं. तुमचं वर्णन तसं नाही.

द्राक्षवेल

एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. प्लास्टिकचा तुकडा आज संध्याकाळी लावते. बाहेरून पाहिलं, खिडकीच्या खालच्या बाजूला बारीक भेग दिसते आहे.

आता मालाचा अंदाज. एका ठेकेदाराने कार्पेटच्या साडेतीन पट क्षेत्रफळ धरलं होतं, म्हणजे १,४७० चौरस फूट. हे बरोबर आहे का?

सिडकोचा रंगारी

साडेतीन पट हा धंद्यातला अंदाज आहे, छत धरून. स्वतः करताय तर टेप घेऊन मोजा, तासाभराचं काम आहे. खोली १० बाय १२ ची आणि उंची १० फूट धरा. चार भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४०. त्यातून दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ४०३. छताचे १२०. एकूण ५२३ चौरस फूट.

साध्या इमल्शनला दोन हातांसाठी लिटरमागे ६० ते ७५ फूट धरून चाला. डब्यावर आकडा जास्त दिसेल, पण तो गुळगुळीत भिंतीचा असतो. म्हणजे या खोलीला आठ लिटरच्या आसपास. तुमच्या १,४७० ला २२-२३ लिटर. एक २० लिटरची बादली आणि एक चार लिटरचा डबा. दोन्ही एकाच दुकानातून एकाच वेळी घ्या, आणि शक्य असेल तर मोठ्या टबात एकत्र करूनच वापरा. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांत किंचित फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

मेरीकर

आमची म्हसरूळला एक खोली-किचन आहे, मी आणि जाऊबाईंनी मिळून रंगवली. भाड्याच्या घरासाठी माझं ठाम मत असं की सगळ्या घराला एकच शेड द्या. फिकट क्रीम किंवा मोतिया. हॉलला एक, बेडरूमला दुसरी, एका भिंतीला गडद असलं काही नको. भाडेकरू बदलला की घर पूर्ण रंगवायची गरज नसते, खराब झालेली एखादी भिंत रंगवली की भागतं. पण त्यासाठी शेड तीच हवी. शेडचा कोड, कंपनी आणि रंगाचा प्रकार कागदावर लिहून तो मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुढच्या वेळी दुकानात तो आकडा सांगितला की झालं.

डिस्टेंपर पुन्हा लावू नका. स्वस्त वाटतो, पण पुसता येत नाही. इमल्शनच घ्या. हॉल-बेडरूमला साधं मॅट घ्या, त्यात भिंतीचे उंचसखल झाकले जातात. चकाकी असलेला रंग पुसायला सोपा असतो, पण रोलरची प्रत्येक रेघ दाखवतो. तो फक्त स्वयंपाकघर आणि पॅसेजला वापरला.

रोलर नऊ इंची घ्या आणि फोमचा घेऊ नका, त्याने बुडबुडे येतात. बारीक लव असलेला घ्या. रोलरला जोडायची लांब काठी मिळते. तिच्यामुळे छतसुद्धा जमिनीवर उभं राहून होतं. कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशने आधी करून घ्या, आणि कडा ओली असतानाच रोलर फिरवा, नाहीतर चौकटीसारखा पट्टा राहतो. एक भिंत हातात घेतली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपवूनच चहाला थांबा. मध्ये सोडली की जोड दिसतो.

रंग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळून घेतला होता. फार फरक पडतो.

वाडेकरी

माझं घर भद्रकालीच्या बाजूला, जुना वाडा, खालच्या दोन खोल्या भाड्याने आहेत. धागा वाचून कुणी जुन्या नाशकातले असतील त्यांच्यासाठी लिहितो. वर सांगितलेलं सगळं सिमेंट प्लास्टरच्या फ्लॅटला लागू आहे. वाड्याच्या भिंती विटा-मातीच्या किंवा दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. त्या जमिनीतली ओल ओढतात आणि हवेत सोडतात. त्यांना सिमेंटची पुट्टी, ओलरोधक रंग किंवा प्लास्टिकसारखा इमल्शनचा थर देऊ नका. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्यासकट खाली येते.

अशा भिंतींना चुनाच बरा. विरवलेला चुना गाळून, त्यात थोडा डिंक किंवा सरस, तीन पातळ हात. दरवर्षी द्यावा लागतो हे खरं, पण खर्च नगण्य आणि चुन्याने बुरशीही कमी येते. डोळ्यांना चष्मा लावूनच काम करा, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. आणि चुन्यावर कधीतरी इमल्शन द्यायचं ठरवलंत तर आधी चुना पूर्ण खरवडावा लागेल.

भाडेकरू इंदिरानगर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी भाडेकरू आहे. घर बघितलं तेव्हा भिंती वाईट होत्या आणि मालकांना लगेच खर्च करणं जमत नव्हतं. आम्ही ठरवलं की माल त्यांचा, मेहनत माझी, आणि पहिल्या महिन्याचं भाडं माफ. शेड त्यांनी निवडली. माल त्यांनी स्वतः दुकानात पैसे भरून दिला, त्यामुळे बिलावरून वाद झाला नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो दोघांच्या फोनवर आहेत. करारातही ओळ घातली की सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. याआधी जिथे राहत होतो तिथे सोडताना एक महिन्याचं भाडं "पेंटिंग चार्जेस" म्हणून कापलं, आणि पुढचा भाडेकरू त्याच रंगात राहायला आला. ताई, तुम्ही मालकीण आहात म्हणून विनंती करतो, नवीन भाडेकरूशी याबद्दल आधीच स्पष्ट बोला. रोजच्या वापराने रंग फिका पडणं वेगळं आणि भिंत फोडणं वेगळं.

हा मार्ग तुम्हालाही चालू शकेल. फ्लॅट रिकामा राहण्याचा प्रश्नच सुटतो.

कागदपत्र

वरच्या प्रतिसादात जी ओळ करारात घातली ती फार योग्य. थोडं कायद्याचं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने दुर्लक्ष केलं तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. मात्र आज बहुतेक फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर जातात. तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, त्यामुळे करारात काय लिहिलंय त्यालाच वजन.

आणि करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेणं हे मालकाचं काम आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे रंगाबद्दल तोंडी ठरलेल्या गोष्टीत नुकसान मालकाचंच.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. त्यातल्या यादीत भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे दिलाय, नळाचे वॉशर बदलण्यासारख्या बारीक गोष्टी भाडेकरूकडे. तो नमुना आहे, राज्याने कायदा केला तरच लागू होतो. पण करार लिहिताना ती विभागणी समोर ठेवायला चांगली आहे.

हिशोब

अजून एक मुद्दा, जो घरमालकांच्या लक्षात येत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर मोजताना घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती आणि रंग त्यातच धरलेला आहे. तुम्ही रंगावर २८ हजार खर्च करा किंवा १० हजार, वजावट तेवढीच. रंगाचं बिल दाखवून जास्त काही मिळत नाही. म्हणून इथे वाचवलेला रुपया पूर्ण तुमचा राहतो. रंगावर १८ टक्के जीएसटी आहे, दर विचारताना तो धरून सांगितलाय की वेगळा, हे विचारून घ्या.

गंगापूररोड

मला थोडं वेगळं वाटतं. रंगारी, प्लंबर, सुतार यांचं पोट याच कामांवर आहे. दोघं कमावते असताना हेही काम आपणच करायचं का? शिवाय रंगाऱ्याचं काम जास्त टिकतं.

सिडकोचा रंगारी

आपली भावना समजते आणि बरंही वाटलं. पण खरं सांगू का, दसरा-दिवाळीच्या आधी आम्हाला अशा छोट्या कामांना वेळच नसतो. तेव्हा घाईत केलेलं काम चांगलं होत नाही आणि दरही चढा असतो. दिवाळीनंतर कामं कमी होतात, तेव्हा माणूस वेळ देऊन काम करतो. म्हणून मी तर म्हणेन, ताईंनी काम वाटून घ्यावं. खरवडणं, धुणं, भोकं भरणं आणि भिंतींचा रंग घरच्यांनी करावा. छत आणि दारांचा ऑइलपेंट यासाठी एक माणूस रोजंदारीवर घ्यावा. माल स्वतः आणायचा आणि माणसाला फक्त रोज द्यायचा. त्यालाही काम मिळतं आणि ताईंचेही निम्म्याहून जास्त वाचतात.

मेरीकर

दारांवरून आठवलं. इमारत २००५ ची आहे म्हणालात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, खाली ओला कपडा अंथरा आणि तो चिखल गोळा करून टाका. मुलांना त्या दिवसांत फ्लॅटवर नेऊच नका.

लांबी घासतानाही एन ९५ मास्क हवाच, नुसता रुमाल पुरत नाही. स्विचबोर्डाजवळ ओलं काम करताना एमसीबी (वीजबोर्डावरचा मुख्य खटका) खाली करा. पंखा बंद करून त्याचं बटण टेपने चिकटवून टाका. चढायला घोडा, म्हणजे घडीची शिडी, भाड्याने मिळतो, खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका.

द्राक्षवेल

प्लास्टिकच्या आत थेंब नाहीत, दोन्ही भिंती कोरड्या आहेत. बाहेरच्या भेगेबद्दल सोसायटीला अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले की आमच्या रांगेतल्या इतर दोन फ्लॅटचीही तीच तक्रार आहे, दोरीवाला माणूस एकदाच बोलावून सगळ्यांचं करून घेऊ.

आम्ही काकांच्या सल्ल्याप्रमाणे ठरवलंय. सलग सुट्टी काढतोय. छताला आणि दारांना एक माणूस रोजाने, बाकी आम्ही दोघं. सगळीकडे एकच मोतिया शेड, किचनला त्याच शेडमध्ये धुता येणारा प्रकार. पोपड्यांची भिंत सगळ्यात शेवटी करू, बाहेरची सांध बंद झाल्यावर. तोपर्यंत घर दाखवायला सुरुवात करते. करारात रंगाबद्दल स्वतंत्र कलम घालणार आहे.

एक प्रश्न राहिला. सध्या थंडी वाढतेय. सकाळी लवकर सुरू केलं तर चालेल का?

ओलभिंत

नको. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आपल्याकडेही पहाटे भिंती गार आणि दमट असतात. १० अंशांच्या खाली इमल्शनचा थर नीट जुळत नाही, वाळल्यावर भुरभुरीत राहतो. सकाळी खरवडणं-घासणं करा, ऊन वर आल्यावर दहाच्या सुमारास रंगाला हात घाला आणि चार-साडेचारला थांबा, म्हणजे रात्रीच्या गारव्याआधी थर वाळेल. दोन हातांमध्ये किमान चार तास सोडा. थंडीत दुसरा हात दुसऱ्या दिवशी दिलात तर उत्तम.

सिडकोचा रंगारी

बरोबर. आणि पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने घाला. पहिल्या बादलीला जेवढं घातलं तेवढंच दुसरीला. रंग पुरवायला म्हणून शेवटी पाणी वाढवलं की ती भिंत वेगळी दिसते.

नाशिकरोडकर

उरलेल्या रंगाचं काय करता तुम्ही लोक? माझ्या गॅलरीत जुने डबे साठलेत.

मेरीकर

अर्धा-एक लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत, पाणी न घालता, डागडुजीसाठी ठेवायचा. बरणी काठोकाठ भरलेली असली म्हणजे वर साय धरत नाही. पाणी घातलेला रंग ठेवू नका, त्याला वास सुटतो. बाकीचा नाल्यात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. त्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळून उन्हात पूर्ण वाळवायचा आणि सुक्या कचऱ्यात घंटागाडीत द्यायचा. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन मात्र वेगळं ठेवा आणि गाडीवाल्याला सांगून घातक कचरा म्हणून द्या. टर्पेंटाइनने पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑइलपेंटच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून, बाहेर वाळवूनच टाका.